पान सातवरचं ‘उघड आहे’

धुळे, ५ ऑगस्ट २०२४

नाना,

कमलमामींचा फोन आला होता. “ह्यांचा उजवा कानही गेला. आता काय सांगायचं ते कागदावर सांग, ओरडून ओरडून माझा घसा बसला,” म्हणाल्या. भूपेंद्रदादानं तुम्हाला मोबाइलवर मेसेज वाचायला शिकवलं, पण तुम्ही तो मोबाइल गव्हाच्या कोठीवर ठेवून विसरता, हेही कळलं. म्हणून हे पत्र. आईच्या चुलतभावाला आणि आपल्या गणिताच्या सरांना एकाच पाकिटात कसं लिहायचं ते मला उमगत नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

आमच्या कॉलेजात शनिवारचं चर्चासत्र मी पुन्हा सुरू केलंय. दुपारी तीन वाजता, खोली क्रमांक चौदा. एम.एस्सी.ची दहा-बारा मुलं, आमच्या विभागातले चौघं आणि भौतिकशास्त्राचे एक जण, ते पंख्याखालची जागा धरून बसतात. दर शनिवारी एकानं तासभर बोलायचं, पाठ करून नाही, समजून. तुम्ही तुमच्या कॉलेजात घ्यायचात तसंच.

२४ तारखेला तुमचं प्रमेय ठेवलंय. १९९४ च्या निबंधातलं. बोलणार आहे सरिता पावरा. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. वडील चैत्राम कोरडवाहू शेती करतात, आई मोहफुलं वेचते. मुलगी हॉस्टेलला राहते, वर्गात चार शब्दांवर पाचवा बोलत नाही. पण परीक्षेत असं काही लिहिते की मला पेपर दोनदा वाचावा लागतो.

माझा प्रबंध विद्यापीठात जमा झाला. तिसरं प्रकरण तुमच्याच प्रमेयावर उभं आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. तोंडी परीक्षा ऑक्टोबरात. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर काढली नाना, डिसेंबरात कायम जागेच्या मुलाखती आहेत. तोपर्यंत अंगात मुंग्या भरल्यासारखं होतं. वर्गात उभी असले तरी मन कुठल्या तरी ऑफिसच्या दारात असतं.

२४ तारखेला याल का?

कोकिळा

* * *

दीपनगर, ११ ऑगस्ट २०२४

कोकिळा,

तुझं पत्र मिळालं. येऊन करू काय? पहिल्या बाकावर बसून लोकांचे हलणारे ओठ बघू? माझ्या कानात आता दिवसभर फक्त एक शिट्टी वाजते. पॉवर हाउसचा भोंगा झाला की कमल हातानं खूण करून सांगते. बाकी जग मुकं आहे.

आज श्रावणातली कानबाई देवी बसली. भूपेंद्रच्या कॉलनीतल्या साऱ्या खानदेशी बायका आमच्याच बिल्डिंगमध्ये. मी गच्चीवर पळून आलोय आणि तुला लिहितोय.

प्रमेय ठेवलंस ते बरं केलंस. तुझ्याशिवाय कोणी वाचलं असेल असं मला वाटलं नव्हतं. तुझ्या त्या पावरा मुलीला सांग, व्याख्यांनी सुरुवात करू नको. मुलं झोपतात. मी कशी करायचो ते सांगतो. गावं घ्यायची आणि गावांमधले रस्ते, कुठल्याही गावाहून कुठल्याही गावाला पोचता येईल असे. कुठल्याही गावातून निघायचं, एकही गाव दुसऱ्यांदा न घेता जितकं लांब जाता येईल तितकं जायचं. असे सर्वांत लांबचे प्रवास एकाहून जास्त असू शकतात. त्यातले कुठलेही दोन घे, त्यांना निदान एक गाव सामाईक असतंच. हे सिद्ध करायला पाच मिनिटं पुरतात आणि मुलं खूश होतात.

मग विचारायचं: सगळेच्या सगळे लांब प्रवास एकाच गावातून जातात का? लोक हो म्हणतात. उत्तर नाही असं आहे, ते जुनंच आहे. मी एवढंच केलं की रस्त्यांच्या जाळ्यावर तीन अटी घातल्या आणि दाखवलं की त्या पाळल्या तर असं एक गाव सापडतंच. आयुष्यात एक धड गोष्ट केली ती ही.

छापील प्रत पाठवतो आहे, माझा पत्ता शिक्क्यात आहे. मुलीला काही अडलं तर लिहील. आणि तू मला व्याख्यानाची हकिकत लिही. कोण काय म्हणालं, कोणी काय विचारलं. मला आता ऐकायला तुझंच पत्र आहे.

नाना

* * *

धुळे, २७ ऑगस्ट २०२४

नाना,

शनिवारचं व्याख्यान छान झालं. खोली भरली होती, बाहेरून खुर्च्या आणाव्या लागल्या. प्राचार्य पाच मिनिटं येऊन गेले. सुरुवातीला तुमचा परिचय मी करून दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरितानं गावांची कल्पना वापरली. मुलांना आवडली.

शेवटी वेळ कमी पडला, त्यामुळे सिद्धतेचा शेवट तिला घाईत आवरावा लागला. एक-दोन किरकोळ शंका निघाल्या. पुढच्या वेळी बघू.

इथं गणपतीची वर्गणी, अंतर्गत परीक्षा, सगळं एकदम आलंय. मामींना नमस्कार.

कोकिळा

* * *

दीपनगर, २ सप्टेंबर २०२४

कोकिळा,

हे तू प्राचार्यांना द्यायचं पत्र चुकून मला पाठवलंस काय? खुर्च्या किती आणल्या ते मी विचारलं नव्हतं.

किरकोळ शंका कुठली? कोणी काढली? कुठल्या पानावर? गणितात किरकोळ शंका नसते. एक तर ती चूक असते, नाही तर ती शंका असते.

दोन दिवस हे पत्र खिशात घेऊन फिरतोय. कॉलनीच्या गेटपर्यंत जातो, परत येतो. कमल विचारते काय झालं, मी सांगत नाही. नीट लिही.

नाना

* * *

शिरपूर तालुका, ९ सप्टेंबर २०२४

आदरणीय सर,

मी सरिता चैत्राम पावरा. तुमच्या निबंधावर मी बोलले होते. छापील प्रतीवरच्या शिक्क्यात तुमचा पत्ता होता, त्यावर लिहिते आहे. मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, चुकलं तर माफ करा.

पान सातवर खालून चौथ्या ओळीत तुम्ही लिहिलं आहे, “हे उघड आहे की तिसरा प्रवासही त्याच बिंदूतून जातो.” मला ते उघड झालं नाही. मी सहा दिवस प्रयत्न केला. मला वाटलं माझं डोकं कमी पडतं आहे. मग मी उलटं करून बघितलं. तिसरा प्रवास त्या बिंदूतून जाणार नाही अशी आकृती काढता येते का, असं. आधी जमलं नाही. मग एकतीस बिंदूंची आकृती झाली. तुमच्या तिन्ही अटी ती पाळते, असं मला वाटतं. आणि तिच्यात कुठलाही एक बिंदू घेतला तरी त्याला टाळून जाणारा एक लांब प्रवास आहे.

व्याख्यानात मी ती फळ्यावर काढायला लागले. निम्मी काढून झाली होती. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, “सरिता, वेळ संपली.” घड्याळात तीन पन्नास झाले होते. मी म्हटलं, “मॅडम, दहा मिनिटं आहेत.” त्या म्हणाल्या, “ज्या गोष्टी तीस वर्षं छापील आहेत त्यांना तपासण्याआधी आपली बेरीज तपासावी.” सगळे हसले. मॅडमनी डस्टर घेऊन फळा पुसला.

त्यानंतर मी शनिवारी गेले नाही. मी गावी आले आहे. मका काढायला माणसं कमी आहेत, असं मी हॉस्टेलवर सांगितलं.

आकृती सोबत जोडली आहे. सर, तिच्यात कुठं चूक आहे ते फक्त सांगा. म्हणजे माझ्या डोक्यातून जाईल. मॅडमना सांगू नका, त्या चांगल्या आहेत. पहिल्या वर्षी माझी परीक्षेची फी भरायची तारीख गेली होती तेव्हा मॅडमच ऑफिसात भांडल्या होत्या.

आपली,
सरिता

* * *

दीपनगर, २१ सप्टेंबर २०२४

कोकिळा,

तुझं उत्तर नाही. वीस दिवस झाले. कमलनं फोन केला तेव्हा तू तिला म्हणालीस, “नानांना सांगा, कामात आहे.” बरं.

मी इथं काही तरी तपासतो आहे, त्यात दिवस जातात. जेवताना उठतो, पुन्हा बसतो. भूपेंद्र म्हणतो डॉक्टरला दाखवू. डॉक्टरला काय दाखवणार?

एकच विचारतो आणि एकदाच विचारतो. २४ ऑगस्टला खोली चौदामध्ये काय झालं?

नाना

* * *

धुळे, २८ सप्टेंबर २०२४

नाना,

मी सांगते. तीन वेळा लिहून फाडलंय, हे फाडणार नाही.

सरिता पान सातवर थांबली. म्हणाली, “इथं उघड आहे असं लिहिलंय, मला ते दिसत नाही. मी एक आकृती दाखवते.” आणि काढायला लागली. दहा-बारा बिंदू झाल्यावरच मला कळलं, ही बरोबर असू शकते. कारण नाना, मी तो निबंध शंभर वेळा वाचलाय, आणि त्या ओळीवर मी शंभर वेळा मान डोलावून पुढे गेलेय. मी कधी थांबलेच नव्हते. माझ्या तिसऱ्या प्रकरणात ती ओळ जशीच्या तशी आहे. ‘उघड आहे’सकट.

मी उठले आणि तिला गप्प बसवलं. जे बोलले ते इथं लिहवत नाही. मुलं हसली. फळा मी पुसला.

तरीही मला वाटत होतं, पोरीचं काही चुकलं असेल. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत बसून छोटा प्रोग्राम लिहिला. पुसण्याआधी एका मुलानं फळ्याचा फोटो काढला होता. निम्मी आकृती त्यात होती, उरलेली तिच्या वहीतून उतरवून घेतली होती मैत्रिणीनं. सात मिनिटांत संगणकानं सांगितलं. आकृती बरोबर आहे. तिन्ही अटी पाळते. सामाईक बिंदू एकही नाही. मी पुन्हा चालवला. पुन्हा तेच.

तुम्हाला लिहिलं नाही, कारण वाटलं, या वयात नानांना हे कळायला नको. असं मी स्वतःला महिनाभर सांगितलं. खरं सांगू? तुमचं वय निमित्त होतं. मला माझी तोंडी परीक्षा दिसत होती. १८ ऑक्टोबर.

शालिग्राम सरांना, म्हणजे माझ्या गाइडना, सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत नाना. दार लावून घेतलं आणि म्हणाले, “कोकिळाताई, परीक्षकांनी प्रबंध मान्य केलाय. तोंडी होऊ द्या. डिसेंबरात जागा घ्या. मग वर्षभरानं दुरुस्तीचा एक निबंध छापा, त्यात मुलीचे आभार माना. सगळ्यांचं भलं होईल.” मी हो म्हणाले. हो म्हणून बाहेर आले आणि स्कूटर कुठं लावली ते आठवेना.

सरिता गावी गेली आहे. मका काढायला म्हणे. परत येईल की नाही, हॉस्टेलच्या मुलींना माहीत नाही.

आता तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. तुमचं प्रमेय चुकलंय नाना. हे सांगायला मला महिना लागला.

कोकिळा

* * *

दीपनगर, ३ ऑक्टोबर २०२४

कोकिळा,

मला माहीत होतं. सरितानं मला लिहिलं होतं, आकृतीही पाठवली होती. तुला सांगू नका म्हणाली, म्हणून सांगितलं नाही, आणि तू सांगतेस का ते बघत बसलो. ती माझी खोडी.

नऊ दिवस हातानं तपासली. रंगीत पेन्सिली आणल्या, नातीच्या. प्रत्येक बिंदूला टाळणारा प्रवास सापडणं सोपं होतं. याहून लांब प्रवास नाहीच, हे पटवून घेणं अवघड होतं. पाचव्या दिवशी मला वाटलं चूक सापडली. मी उठून कमलला मिठी मारली. संध्याकाळी कळलं, मीच एक रेघ विसरलो होतो. नवव्या दिवशी पेन्सिली नातीला परत दिल्या. तुझ्या संगणकानं सात मिनिटं घेतली, बरं झालं मला आधी माहीत नव्हतं.

मुलीला उत्तर लिहिलं. “तुझी आकृती बरोबर आहे. माझं प्रमेय चूक आहे.” एवढीच दोन वाक्यं. ती लिहायला मला तीन पोस्टकार्डं लागली.

आता माझी गोष्ट ऐक. तू एकटी नाहीस.

१९९४ मध्ये निबंध छापून आला, त्या महिन्यात मी आमच्या कॉलेजच्या चर्चासत्रात तो सांगितला. पारोळ्याकडचा एक मुलगा होता, रुपचंद. तिसऱ्या वर्षाला. पायात टायरची चप्पल, वही एकच, सगळ्या विषयांना. मी त्या ओळीवर आलो तसा तो उठला आणि म्हणाला, “सर, हाई उघड कशं शे?” अहिराणीत. बाहेरचे दोन प्राध्यापक बसले होते. मी म्हणालो, “आधी मराठी शीक, मग गणित शीक.” हशा पिकला. मी पुढे गेलो.

तो पुन्हा आला नाही. शनिवारीही नाही आणि नंतर वर्गातही नाही. परीक्षेला बसला नाही. मी चौकशी केली नाही. पण त्या रात्रीपासून ती ओळ मला दिसायची. मी ती कधी सिद्ध करून बघितली नाही. करता येईल असं स्वतःला सांगायचो आणि दुसरं काही तरी काढून बसायचो. तीस वर्षं, कोकिळा. ती मला उघड कधीच नव्हती.

तेव्हा माझ्या नावाची काळजी करू नकोस. तुझ्या प्रबंधाचं काय करायचं ते मी सांगणार नाही. अकरा वर्षं तू काढलीस, मी पेन्शन खातोय. मला सांगण्याचा हक्क नाही. पण ती मुलगी मका काढते आहे, हे मला सहन होत नाही.

नाना

* * *

धुळे, २२ ऑक्टोबर २०२४

नाना,

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरिताच्या गावी गेले. शिरपूरहून बोराडीची एसटी, पुढे काळीपिवळी, पुढे पाऊण तास पायी. चैत्रामभाऊ अंगणात कणसं सोलत होते. त्यांना वाटलं मुलीनं काही गुन्हा केला. खाट टाकली आणि हात जोडून उभेच राहिले. मी बसा, बसा म्हणतेय आणि ते, “म्याडम, पोरगी चुकनी आशीन ते आम्ही समजाडी सांगसूत.”

सरिता डोक्यावर भारा घेऊन आली. मला बघून भारा खाली ठेवला नाही, तशीच उभी राहिली.

“मॅडम, नानासरांचं पत्र आलं,” म्हणाली. “आकृती बरोबर आहे म्हणाले.”

“बरोबरच आहे. मीही तपासली.”

“कधी?”

“तू गावी यायच्या आधीच.”

तिनं आता भारा उतरवला. मग म्हणाली, “मग पुसलं का?”

“घाबरले म्हणून.”

“मला?”

“तुला नाही गं. माझ्या प्रबंधात तीच ओळ आहे.”

चैत्रामभाऊंना मराठी समजत होतं, पण प्रबंध समजत नव्हता. त्यांनी मुलीला पावरीत काही विचारलं. तिनं त्यांना बराच वेळ समजावून सांगितलं. मला एक शब्द कळला नाही. शेवटी ते माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हंजे तुमचंच नुकसान व्हई ना?” मी हो म्हटलं. त्यांनी मला चार कणसं भाजून दिली. त्यांच्याजवळ बसून खाल्ली. गेले दोन महिने जेवताना मला चव लागत नव्हती.

मंगळवारी विद्यापीठात अर्ज दिला, तिसरं प्रकरण मागे घेते म्हणून. चौथं त्याच्यावर उभं होतं, तेही गेलं. तोंडी परीक्षा रद्द झाली. वर्षभरात दुरुस्त करून पुन्हा जमा करायचं. डिसेंबरची जागा गेली म्हणजे गेली. शालिग्राम सर दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी अर्जाला लागणारं गाइडचं पत्र स्वतःच सही करून आणून दिलं. म्हणाले, “मी तुमच्या जागी असतो तर हे केलं नसतं.” ते कौतुक होतं की दोष, मला अजून कळलेलं नाही.

मी खूप मोठं काही केलं असं मला वाटत नाही नाना. सकाळी उठले की पहिल्यांदा रागच येतो. तिचा, तुमचा, माझा. अकरा वर्षांत पहिल्यांदा दार उघडत होतं. मग कॉलेजला जाते. वर्गात शिकवताना राग विसरते, बाहेर आले की परत आहेच.

दिवाळीनंतर, ३० नोव्हेंबरला, सरिता तेच व्याख्यान पुन्हा देणार आहे. पूर्ण. तुम्ही यायचंच. ऐकू येत नसलं तरी फळा दिसेल. भूपेंद्रदादा गाडीनं आणतो म्हणालाय.

कोकिळा

* * *

धुळे, १ डिसेंबर २०२४

नाना,

तुमची खुर्ची रिकामी राहिली. पहिल्या रांगेत, मधोमध. सव्वातीनपर्यंत थांबलो. भूपेंद्रदादाला फोन लावला तर उचलला नाही. मग एक मेसेज, “सगळं ठीक आहे, बाबा येऊ शकत नाहीत.” एवढंच. मला फार राग आला. हे तुमच्यासाठी तरी होतं नाना, निदान थोडं.

व्याख्यान कसं झालं ते लिहिते, या वेळी नीट. सरितानं तासभर घेतला. तुमची सिद्धता पान सातपर्यंत तिनं इतकी स्वच्छ सांगितली की तुम्हीसुद्धा तशी सांगितली नसती. मग म्हणाली, “यापुढे मला जाता आलं नाही,” आणि आकृती काढली. एकतीस बिंदू, तीन रंगांचे खडू. पंख्याखालचे भौतिकवाले सर पहिल्यांदाच जागे होते. त्यांनी विचारलं, “मग सरांचं काम फुकट गेलं म्हणायचं?” ती म्हणाली, “नाही सर. सहा पानं बरोबर आहेत. त्यांच्याशिवाय ही आकृती मला सुचली नसती.”

नंतर मी उभी राहिले आणि ऑगस्टात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी हसलं नाही.

पोरं गेल्यावर सरितानं फळा पुसायला डस्टर उचललं. मी म्हटलं, राहू दे. सोमवारी शिपाईदादा पुसतील.

तुम्ही का आला नाहीत?

कोकिळा

* * *

दीपनगर, ५ डिसेंबर २०२४

कोकिळा,

रागाव. तुझा हक्क आहे. मी घरून निघालो होतो. नवा सदरा घातला होता, कमलनं इस्त्री केलेला. जळगाव गेलं, एरंडोल गेलं, पारोळ्याला भूपेंद्रनं चहाला गाडी थांबवली. दीड वाजला होता, भरपूर वेळ होता. मी त्याला म्हणालो, इथं एका माणसाची चौकशी करायची आहे.

वाटलं होतं सापडणार नाही, आणि मग निर्धास्तपणे तुझ्याकडे यायचं. पण रुपचंदचं नाव काढताच पहिल्याच टपरीवाल्यानं बोट दाखवलं. हायवेला लागूनच मोटार वाइंडिंगचं दुकान. बाहेर पाणबुड्या पंपांची रांग, आत तांब्याच्या तारेची भेंडोळी, आणि मधे बसलेला डोक्याला पूर्ण टक्कल पडलेला माणूस. मी ओळखलं नाही. त्यानं ओळखलं. उठला, हात पुसले, पायाला हात लावला. काही तरी बोलला. मी कानाकडे बोट दाखवलं. त्यानं बिलाचं पुस्तक ओढलं आणि मागच्या बाजूला लिहिलं, “बठा सर.”

मी सगळं तोंडानं सांगितलं. माझा आवाज किती मोठा होत होता मला कळत नव्हतं. भूपेंद्र नंतर म्हणाला की रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. मी त्याला सांगितलं की तू बरोबर होतास आणि मला तेव्हाच माहीत होतं. माफी मागितली. त्यानं पेन घेतलं आणि लिहिलं, “माले काही याद नही सर.”

कोकिळा, तीस वर्षं जे मी छातीवर घेऊन हिंडलो ते त्या माणसाला आठवतही नव्हतं. आधी हलकं वाटलं. मग वाटलं, हे त्याहून वाईट आहे. उठावं की बसावं कळेना. हाताला काही काम हवं म्हणून मी खिशातून सरिताची आकृती काढली आणि त्याच्यासमोर उलगडली.

तो बघत बसला. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना त्यानं हातानंच थांबवलं. काळ्या बोटानं एका बिंदूपासून निघाला, रेघेवरून रेघेवर, गाव दुसऱ्यांदा न घेता, जितकं लांब जाता येईल तितकं. अडला, मागे आला, पुन्हा निघाला. मला माहीत होतं तो काय शोधतोय. मी नऊ दिवस तेच शोधलं होतं. मी त्याला मदत केली नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. भूपेंद्र दारात येऊन घड्याळ दाखवून गेला. मी उठलो नाही. त्याला एकदा मधेच तोडलं होतं, पुन्हा तोडवलं नाही.

चार वाजून गेल्यावर त्यानं मान वर केली. डोळे लाल झाले होते, तारेच्या वार्निशनं असेल. बिलाचं पान उलटलं आणि त्याच्यावर हळूहळू लिहिलं, एकेक अक्षर कोरल्यासारखं:

“मी तिसरा बाकवर बशेल व्हतू सर. खिडकीजोडे.”

त्याच्या बायकोनं चहा आणला, तो आम्ही प्यालो. निघताना त्यानं विचारलं, म्हणजे लिहिलं, ही पोरगी कुठली, कोणाची, पुढे काय करणार. मी सांगितलं. त्यानं आकृतीचा कागद नीट घडी घातला, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवून दिला. मी परत मागितला नाही.

सरिताला म्हणावं, आणखी एक प्रत काढून दे. माझ्याकडची गेली.

नाना